सोमवारी कोर्टात सांगायची गोष्ट

१

न्यायमूर्ती गुरुदत्त रेगे आपल्याच घराच्या हॉलमध्ये उताणे पडले होते. अंगातल्या निळ्या खादीच्या जाकिटावरूनच काय ती त्यांची ओळख पटत होती, कारण चेहऱ्याची डावी बाजू उरलीच नव्हती. रक्ताचे शिंतोडे भिंतीवर पार वरपर्यंत उडाले होते. पुस्तकांच्या कपाटाची काच फुटून खाली सांडली होती. गालिच्यावर, मृतदेहापासून हातभर अंतरावर, पायऱ्यांवरचा बर्फ फोडायची लोखंडी पहार पडली होती. तिच्या टोकाला पांढरे केस चिकटले होते.

ऊर्मी खोपकरला हॉलपर्यंत घेऊन आलेला तरुण कॉन्स्टेबल दारातच थबकला होता. चष्मा काढून त्याने तो मफलरला पुसला, पुन्हा पुसला, आणि मग कुठे तिला पुढची वाट दाखवली. बाहेर ड्राइव्हवेमध्ये राखाडी एसयूव्ही उभी होती. तिच्या नाकापासून गॅरेजच्या भिंतीपर्यंत गेलेली केशरी वायर ओलांडूनच ऊर्मी घरात शिरली होती. थंडी अशी, की श्वास घेतला तर नाकपुड्या चिकटाव्यात.

ऊर्मी या प्रांताच्या कोरोनरांपैकी एक होती. कोणाचा मृत्यू कशाने झाला हे शोधून जाहीर करणं हे तिचं काम, आणि त्या कामात ती पोलिसांच्या हाताखाली नव्हती. त्याआधी निम्मं आयुष्य तिने रेजिनाच्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत डॉक्टर म्हणून काढलं होतं. ट्रकखाली चिरडलेली माणसं तिने पाहिली होती, शेतातल्या यंत्रात सापडलेली पाहिली होती. पण एका माणसाने दुसऱ्याचं असं केलेलं पाहिलं, की अजूनही तिचे हात आधी गार पडायचे आणि मग स्थिर व्हायचे.

ती गुडघ्यांवर बसली. रेग्यांच्या दोन्ही हातांची हाडं मोडली होती. घाव अडवायला हात वर केले होते बिचाऱ्याने.

"किती वेळा मारलंय?" सार्जंट कोवालचुकने विचारलं. हा आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. इथल्या सपाट गवताळ मुलखात, प्रेअरीतच जन्मला आणि प्रेअरीतच पोलिसात लागला.

"शवविच्छेदनात कळेल. पण शेवटचे घाव मेल्यानंतरचे आहेत. मारणाऱ्याला थांबता आलेलं नाही."

"राग."

"किंवा भीती," ऊर्मी म्हणाली.

हॅल्डेन हे प्रांताच्या राजधानीचं शहर असलं तरी मोठं नव्हे. मराठी घरं तर एका गणपतीत एका बेसमेंटमध्ये मावतील एवढीच. त्यामुळे स्वयंपाकघरात ब्लँकेट पांघरून बसलेल्या माणसाला ऊर्मीने लगेच ओळखलं. शंतनु टिपणीस, न्याय खात्याचे उपमंत्री. उपमंत्री म्हणजे इथे निवडून आलेला पुढारी नव्हे, खात्यातला सर्वात वरचा अधिकारी. रेगे आणि तो मुंबईत लॉ कॉलेजला एकत्र होते, आणि दोघं एकाच वर्षी इथे आले होते. त्याच्या कपाळावर खोक पडली होती, शर्टावर रक्त थिजलं होतं. जाडजूड चष्म्यामागे डोळे लाल झाले होते.

"मी त्याला मिठीत घेतलं, ऊर्मी," तो म्हणाला. "उठवायला गेलो. पण काही उरलंच नव्हतं गं उठवायला."

"काय झालं, शंतनु? सावकाश सांगा."

"आजकाल त्याला रोज धमक्या येत होत्या. चैन पडेना म्हणून आलो. गाडीतून उतरलो तर आतून किंचाळी. दार उघडंच होतं. धावत आत शिरलो, तर पॅसेजच्या टोकाला, हॉलच्या उंबऱ्यात, एक जण उभा. लाल-काळ्या चौकड्यांचं जाकीट, पिंगट दाढी, हातात पहार. मला पाहिलं, अंगावर आला, एक फटका मारला, पहार टाकली आणि मागच्या दाराने पसार. मी तिथूनच इमर्जन्सीला फोन लावला, आणि पोलीस येईपर्यंत लाइन सोडली नाही."

मागचं दार उघडं होतं खरं. तिथून गल्लीपर्यंतची वाट रेग्यांनी स्वतः फावड्याने साफ करून, मीठ टाकून ठेवली होती. पावलं उमटायला बर्फच नव्हता.

लाल-काळ्या चौकड्यांचं जाकीट आणि पिंगट दाढी. कोवालचुकने ऊर्मीकडे पाहिलं. ते जाकीट आणि ती दाढी हॅल्डेनमधल्या प्रत्येकाने टीव्हीवर पाहिलेली होती. तेवढ्यात सार्जंटचा रेडिओ खरखरला.

"सापडला," पलीकडून धापा टाकत कोणीतरी म्हणालं. "पण अॅम्ब्युलन्स पाठवा. दोन पाठवा."

२

डेल हचिन्स हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर सापडला होता. पोलिसांना पाहताच त्याने पाना फिरवला आणि एका शिपायाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मग बाकीच्यांनी त्याला डांबरावर पालथा पाडला, आणि तो पडल्यावरही ते थांबले नाहीत. ऊर्मी हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा त्याचा जबडा मोडलेला होता, एक डोळा बंद होता, आणि हात पलंगाला बेड्यांनी जखडले होते.

या हचिन्सची बहीण जामिनावर सुटलेल्या एका माणसाने भोसकून मारली होती. त्यानंतर सरकारने एक कायदा आणला. न्यायमंत्र्याने सही केली की आरोपी महिनोन् महिने आत, आणि कोणत्याही न्यायाधीशाने त्याला जामीन द्यायचा नाही. हचिन्स त्या कायद्याचा चेहरा बनला. कायद्याला आव्हान मिळालं, खटला न्यायमूर्ती रेग्यांपुढे आला आणि निकाल उद्या, सोमवारी, लागायचा होता. मुख्यमंत्री सभांतून विचारत होते, न्यायाधीशांना निवडून कोणी दिलंय? लोक त्याचं उत्तर रेग्यांच्या घरासमोर जाऊन ओरडत होते. एकदा हचिन्सने त्यांच्या खिडकीतून वीटही फेकली होती.

"वीट मारली," तो तारेने बांधलेल्या दातांतून म्हणाला. "मारला नाही."

"आज दुपारी कुठे होतास?"

"गाडी चालवत होतो. एकटाच. कोण विश्वास ठेवणार?" त्याने थुंकी गिळली, तिच्यात रक्त होतं. "त्या दिवशी वीट मारल्यावर म्हातारा बाहेर आला. पोलीस बोलवेल असं वाटलं. झाडू घेऊन काचा गोळा करायला लागला. मग विचारलं, तुझ्या बहिणीचं नाव काय? एवढ्या सभा झाल्या, बाई, एकाही पुढाऱ्याने ते विचारलं नव्हतं."

"काय होतं?"

"कॅरी." आणि तो दांडगा माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

बाहेर येते तोच ऊर्मीचा फोन वाजला. चीफ कोरोनर, तिचे वरिष्ठ.

"मंत्रीसाहेबांचा फोन होता," ते अवघडून म्हणाले. "हचिन्सला त्यांनी नव्या कायद्याखाली आत ठेवलंय. तू उद्या मृत्यूचं कारण जाहीर कर आणि फाइल मिटव. चौकशी-बिवकशी नको. शिवाय मयत तुझ्या समाजाचे, साक्षीदार तुझ्या समाजाचे... लोक बोलतील."

"रेग्यांच्या मृत्यूचं कारण तर उघडच आहे. कवटी फुटली. कोणी फोडली ते ठरायचंय."

"ऊर्मी, तुझी नेमणूक या वर्षी रिन्यू व्हायचीय."

रेग्यांना पदावरून काढणं कोणाच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांच्या खिडकीतून विटा येत होत्या. ऊर्मीसाठी वीट लागणार नव्हती. एक सही झाली नाही की पुरे.

३

नीलिमा रेगे मुलीकडे रेजिनाला गेल्या होत्या, त्या सोमवारी सकाळी परतल्या. घर पोलिसांच्या ताब्यात होतं, म्हणून ऊर्मीने त्यांना आपल्या घरी आणलं. त्यांनी चहाचा कप हातात धरला आणि तसाच निवू दिला.

"नीलिमाताई, शंतनु नेहमी यायचे तुमच्याकडे?"

"शंतनु म्हणजे घरचाच. दर रविवारी जेवायला असायचा. पण गेले काही आठवडे आला नव्हता. मी विचारलं तर गुरु म्हणाला, खटला संपेपर्यंत त्याने आपल्याकडे येऊ नये. सरकारच त्या खटल्यात एक बाजू आहे ना, आणि हा सरकारच्या वकिलांचा वकील."

"भांडण झालं होतं?"

"गुरु कधी भांडायचा नाही. तो गप्प व्हायचा. त्या आठवड्यांत फार गप्प होता." मग त्यांनी अचानक ऊर्मीचं मनगट धरलं. "त्याला फार दुखलं असेल का गं? तू डॉक्टर आहेस. खोटं सांगू नकोस."

ऊर्मीने क्षणभर विचार केला. "पहिल्या काही घावांत दुखलं. त्यांनी हात वर केले होते, ताई. ते लढले."

नीलिमाताईंनी मान हलवली. "गुरु लढला," त्या पुटपुटल्या, आणि तेवढ्यानेच त्यांचा बांध फुटला.

दुपारी ऊर्मी कोर्टात गेली. खटला आता न्यायमूर्ती व्हिटकोम्ब यांच्याकडे गेला होता. रेग्यांच्या शेजारच्याच चेंबरमध्ये ते बसत. रेग्यांना वरिष्ठ जागा मिळाली म्हणून त्यांचं मन खट्टू होतं, असं सगळे म्हणायचे.

"माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर घ्या," ते कोरडेपणाने म्हणाले. "काल दुपारी मी कर्लिंग रिंकच्या बर्फावर खेळत होतो. शंभर लोकांनी पाहिलं."

"संशय नाही. एक विचारायचं होतं. रेगे गेल्याने निकाल बदलेल?"

"न्यायाधीश मेला म्हणून खटला मरत नाही, डॉक्टर. दुसरा बसतो. कागद तेच, कायदा तोच."

"मग निकाल थांबवण्यासाठी त्यांना मारण्यात काय हशील?"

व्हिटकोम्ब उत्तर द्यायला गेले आणि थांबले. त्यांनी समोरची फाइल मिटली. ती खणात सरकवून खण बंद केला. "मला काम आहे," ते म्हणाले.

कॉरिडॉरच्या टोकाला अबोली उभी होती. निकालाच्या कामात रेग्यांना मदत करणारी त्यांची लॉ क्लर्क, या देशातच, नॉर्थ यॉर्कमध्ये वाढलेली मुलगी. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"ऊर्मी मावशी, आय डोन्ट नो हे इम्पॉर्टंट आहे का," ती हळूच म्हणाली. "शुक्रवारी सर म्हणाले, मंडे-ला रूलिंग वाचायच्या आधी दोन्ही बाजूच्या वकिलांसमोर, ओपन कोर्टात, मला काही सांगायचंय. मी म्हटलं, काय? तर म्हणाले, कोणीतरी चोरून माझं दार वाजवलंय. ते सगळ्यांना कळायला हवं."

"कोणी?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाले, तुला कळलं तर तुलाच त्रास होईल. पण ही वॉज सो सॅड, मावशी. जज म्हणून रागावलेला माणूस असा सॅड नसतो."

घरी जायचं सोडून ऊर्मी गाडीतच बसून राहिली. आता चित्र दुसरंच दिसत होतं. रेग्यांच्या मृत्यूने निकाल मेला नव्हता. जे मेलं ते त्यांच्या तोंडचं एक नाव. ज्याला निकालाची भीती होती असे हजारो होते, त्या नावाची भीती असणारा एकच असणार.

तेवढ्यात शंतनुचा फोन आला. नीलिमा कशी आहे, जेवली का, त्याने विचारलं. आवाज बसलेला होता. मग म्हणाला, "शेवटच्या दिवसांत गुरु कोणाशी काही बोलला होता का गं? मन मोकळं केलं असेल तर बरं वाटेल."

"अबोलीशी थोडं बोलले होते," ऊर्मी म्हणाली. "पोरगी घाबरलीय. उद्या सकाळी सार्जंटला सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अबोली पोलीस स्टेशनला पोचलीच नाही.

४

ती तिच्या काँडोच्या इमारतीतल्या पार्किंगच्या जिन्यात सापडली. गळ्याला तिचाच मफलर आवळलेला होता. चेहरा निळा पडलेला, कानामागून रक्त वाहत होतं. डोकं सिमेंटच्या पायरीवर आपटलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. पण छातीत धुगधुगी होती. कुत्रा फिरवायला निघालेल्या एका शेजाऱ्याच्या आवाजाने मारेकरी पळाला होता.

ऊर्मी इमर्जन्सीत पोचली तेव्हा कोरोनरला तिथे काही काम नव्हतं. तरी ती पलंगापाशी उभी राहिली. शुद्धीवर आलेल्या मुलीच्या गळ्यातून घरघर येत होती.

"मागून आला," अबोली कशीबशी म्हणाली. "नाही दिसला. आय हॅड द स्क्रेपर. काचेवरचा बर्फ काढायचा. मांडीत खुपसला त्याच्या. जोरात."

"शाब्बास, बाळा. काही बोलला का तो?"

"नाही. पण मावशी, तो रडत होता. मला मारताना रडत होता."

बाहेर कोवालचुक भिंतीला टेकून उभा होता. "हचिन्स पलंगाला जखडलेला आहे. हे त्याने केलेलं नाही," तो म्हणाला. "मंत्र्यांचं ऑफिस म्हणतंय, त्याच्या एखाद्या माथेफिरू साथीदाराचं काम."

"साथीदाराला कसं कळलं, की अबोली आज बोलणार आहे?" ऊर्मीचा आवाज इतका शांत होता, की सार्जंटने मान वर केली. "पोलिसांखेरीज हे कळलेली माणसं दोनच. एक मी. दुसऱ्याला मी स्वतः सांगितलं, काल संध्याकाळी फोनवर. त्या पोरीच्या गळ्याला फास मी लावला, सार्जंट."

"कोणाला सांगितलंत?"

तिने नाव सांगितलं. कोवालचुकने कॉरिडॉर दोन्ही बाजूंनी पाहून घेतला.

"उपमंत्री," तो म्हणाला. "डॉक्टर, फोनवर बोलणं हा पुरावा नाही. त्याच्या अंगावरचं रक्त, त्याने मित्राला मिठी मारली म्हणून. कपाळाची खोक, मारेकऱ्याने मारली म्हणून. सगळ्याला उत्तर आहे त्याच्याकडे. त्याची पँट उतरवून मांडी बघायला मला वॉरंट लागेल, आणि वॉरंट मागितलं की अर्ध्या तासात मंत्र्याला कळेल."

"मग आधी त्याची साक्ष मोडू या. तुमच्या पहिल्या शिपायाला एक विचारा. रविवारी तो आत शिरल्यापासून शंतनु घराबाहेर गेला होता का?"

कोवालचुकने फोन लावला. "नाही. फोन कानाला, मृतदेहापाशी बसलेला. तिथून स्वयंपाकघरात नेला, आणि स्वयंपाकघरातून थेट अॅम्ब्युलन्समध्ये."

"आणि त्याची गाडी?"

"संध्याकाळी आम्हीच त्याच्या घरी पोचवली. का?"

"नेताना वायर काढावी लागली असेल."

सार्जंटचा भिंतीला टेकवलेला हात खाली आला.

५

शंतनु टिपणीस नाही म्हणू शकला नाही. मित्राच्या खुनाची घटना जागेवर उभं राहून एकदा सांगा, एवढंच तर पोलीस मागत होते. भर दुपारी तो रेग्यांच्या घरी आला. ऊन लख्ख पडलेलं, पण त्यात ऊब कसली ती नाही. पायऱ्या चढताना तो डावा पाय ओढत होता.

"बर्फावर घसरलो," ऊर्मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

तिने त्याला दारासमोर उभं ठेवलं. किंचाळी नेमकी कुठे ऐकू आली, गाडी कुठे लावली, मग किती घाईने आलात, असं एकेक विचारत राहिली. तो उत्तरं देत होता आणि त्याच्या भुवयांवर दव गोठत होतं.

"गाडी थांबवली, दार उघडं टाकलं आणि धावलो. विचार करायला वेळच नव्हता."

"इकडचं तिकडचं काही केलं नाही?"

"किंचाळी ऐकल्यावर माणूस काय करेल? धावेल."

"तर मग धावा," ऊर्मी म्हणाली, आणि तिने दार उघडलं.

तो आत शिरला. ऊबदार हवा तोंडावर आली आणि त्याच्या जाड चष्म्याच्या दोन्ही काचा क्षणात पांढऱ्याफटक झाल्या. तो पॅसेजच्या सुरुवातीलाच थांबला.

"पुढे बघा, शंतनु. हॉलच्या उंबऱ्यात कोणीतरी उभं आहे. कोण आहे?"

त्याचा हात चष्म्याकडे गेला.

"काढा हवं तर. चष्म्याशिवाय तुम्हाला समोरचं ताटही दिसत नाही, हे गणपतीत सगळ्यांनी पाहिलंय. दाढीचा रंग सांगितलात, जाकिटाच्या चौकड्या सांगितल्यात. आता सांगा. कोण आहे?"

"सार्जंट... सार्जंट असेल," तो म्हणाला.

"शंतनु," पॅसेजच्या टोकाकडून नीलिमाताईंचा आवाज आला. "मी आहे."

त्याने भिंतीचा आधार घेतला.

"इथे हिवाळ्यात चष्मा घालून घरात शिरणारा कोणीही आधी आंधळा होतो," ऊर्मी म्हणाली. "पोलीस शिपाईही त्या दिवशी दारात थांबून चष्मा पुसत होता. बाहेरून धावत आलेल्या माणसाला मारेकरी दिसणं शक्यच नाही. तुम्ही बाहेरून आलाच नव्हता. तुम्ही आत होता, बऱ्याच वेळापासून. किंचाळी ऐकून धावणारा माणूस गाडीची वायर भिंतीत खोचत बसत नाही, शंतनु. वायर खोचतो तो निवांत बसायला आलेला माणूस, परतताना इंजिन गोठलेलं नको म्हणून. त्या दिवशी तुमची गाडी प्लगला लावलेली होती. मी स्वतः ती वायर ओलांडून आत आले. पोलीस आल्यानंतर तुम्ही घराबाहेर पडलाच नाहीत. मग ती कोणी लावली?"

शंतनुने चष्मा काढला. उघड्या डोळ्यांनी तो जिकडून आवाज आला तिकडे पाहत राहिला.

"मला फक्त तारीख पुढे ढकलून हवी होती," तो म्हणाला. "निवडणूक होईपर्यंत. मंत्री म्हणाले, तुझा मित्र आहे ना, बघ जरा. तेवढंच म्हणाले. मी एकदा आलो, गुरु म्हणाला, पुन्हा येऊ नकोस. रविवारी पुन्हा आलो. तर म्हणाला, उद्या कोर्टात तुझं नाव घेणार आहे. मी पाया पडलो, नीलिमा! त्याच्या पाया पडलो. माझं करिअर संपेल म्हटलं, कदाचित तुरुंगात जाईन. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग म्हणाला, थंडी आहे, चहा घेऊन जा." त्याच्या ओठांवर फेस आला. "चहा घेऊन जा! चाळीस वर्षांच्या मित्राला बुडवायचं, आणि वर चहा! पायऱ्यांचा बर्फ फोडून त्याने पहार दाराशीच ठेवली होती—"

"आणि अबोली?" नीलिमाताईंनी विचारलं. "तिने तुझं काय बिघडवलं होतं?"

तो एकदम उसळला. आंधळ्या रेड्यासारखा त्यांच्या दिशेने धावला. ऊर्मी मध्ये पडली. त्याच्या खांद्याचा दणका बसून ती भिंतीवर आदळली, आणि त्याची बोटं तिच्या गळ्याभोवती आवळली. बोटांत विलक्षण जोर होता. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने गुडघा वर घेऊन त्याच्या डाव्या मांडीत हाणला, जिथे अबोलीने स्क्रेपर खुपसला होता, तिथेच. तो किंचाळला. स्वयंपाकघरातून आलेल्या कोवालचुकने त्याची मान मागून पकडली आणि त्याला तोंडावर आपटलं. फरशीवर दात पडल्याचा आवाज आला.

पँटच्या डाव्या पायावर रक्ताचा डाग पसरत होता.

नीलिमाताई जागच्या हलल्या नव्हत्या. "त्याला चहा द्यायचा होता गुरूला," त्या म्हणाल्या. "खरंच द्यायचा होता."

६

शंतनु टिपणीसने वसंतात गुन्हा कबूल केला, त्यामुळे सुनावणी झाली नाही. त्याने मंत्र्यांचं नाव घेतलं. मंत्री म्हणाले, खात्यातल्या एका खचलेल्या अधिकाऱ्याची ही बडबड आहे. हचिन्सवरचा खुनाचा आळ गेला होता, पण आदेशावरची सही कायम होती. शिपायाच्या मोडलेल्या हाडापायी सरकारने त्याला आतच ठेवलं होतं.

खटला व्हिटकोम्बपुढे आला त्या दिवशी ऊर्मी मागच्या बाकावर बसली होती. न्यायमूर्ती आले, बसले, आणि त्यांनी कागदाला हात लावला नाही.

"मलाही जानेवारीत जेवायला बोलावलं होतं," ते म्हणाले. "त्याच माणसाने. याच खटल्याबद्दल. मी जेवलो आणि गप्प राहिलो. न्यायमूर्ती रेगे गप्प राहणार नव्हते. मी त्यांच्या आधी बोललो असतो, तर सोमवारी सांगायचं एकच नाव दोघांच्या तोंडी असतं, आणि दोघांना कोणी मारू शकलं नसतं. हा खटला ऐकण्याचा अधिकार मला नाही. मी या खटल्यातून बाजूला होतो."

मग दुसऱ्या शहरातून एक न्यायाधीश बाई आल्या आणि जूनमध्ये त्यांनी कायदा रद्द केला. हचिन्सला जामीन मिळाला, तो ज्यांना शिव्या देत होता त्यांच्याचकडून.

ऊर्मीची नेमणूक रिन्यू झाली नाही. चीफनी फोनवर दिलगिरी व्यक्त केली. आवाजावरून ते खरोखरच दिलगीर वाटत होते.

"माझी मुदत कधी संपते?" तिने विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी."

"तोवर अधिकार माझ्याकडेच आहेत ना?"

"हो," चीफ म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "घे ती चौकशी."

तिने जाहीर चौकशी लावली आणि पहिलं समन्स मंत्र्यांना काढलं. चौकशीच्या सकाळी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत नीलिमाताई, त्यांच्या शेजारी गळ्याला अजूनही पट्टा बांधलेली अबोली. कोवालचुक दाराशी. मंत्र्यांचे वकील कॉरिडॉरमध्येच ऊर्मीला आडवे आले.

"मॅडम, तुमच्या जागी नवीन कोरोनर पुढच्या आठवड्यात येतायत. तोपर्यंत पुढे ढकललं तर सगळ्यांच्याच सोयीचं. तुमच्याही. रेजिनाच्या हॉस्पिटलमध्ये एक मोठं पद रिकामं आहे, असं ऐकलंय."

हा माणूस हसत होता. शंतनुही पहिल्यांदा रेग्यांकडे गेला, तेव्हा असाच हसत बोलला असेल, असं तिच्या मनात आलं.

"आता जे बोललात," ती म्हणाली, "ते आत सगळ्यांसमोर परत बोलायला लागेल. सुरुवात तिथूनच करणार आहे."

वकिलांचा चेहरा उतरला. ऊर्मी त्यांच्या बाजूने पुढे गेली, सभागृहात शिरली आणि आपल्या जागी बसली. मंत्री साक्षीदाराच्या खुर्चीत आधीच येऊन बसले होते, पायावर पाय टाकून.

"उभे राहा," ती म्हणाली. "शपथ घ्यायचीय."

एक क्षण ते तसेच बसून राहिले. मग उभे राहिले.